तैवानची हायस्पीड रेल : गाडीला साडेचार स्टार, हिशेबाला अडीच

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो देशाची शान, दुसरा म्हणतो आधी लोकल सुधारा. आणि दोघंही जपानचंच उदाहरण देतात. पण शिनकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, जपानबाहेर पहिल्यांदा गेली ती तैवानला, आणि तिथे पैशाचं पुढे काय झालं हे फार कोणाला माहीत नसतं. मी शिंचूमध्ये चिपच्या कंपनीत नोकरीला आहे, तैपेईला जायचं असो की सुट्टीत खाली दक्षिणेत, हीच गाडी धरतो. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर रिव्ह्यू टाकूया. आधी गाडी कशी आहे ते सांगतो, मग खर्चाची भानगड, जी खरं सांगायचं तर गाडीपेक्षा जास्त रंगतदार आहे.

रूट एकच आहे. बेटाच्या पश्चिम बाजूने उत्तरेला नांगांग-तैपेईपासून दक्षिणेला काओश्युंगच्या झुओयिंगपर्यंत, साधारण ३५० किलोमीटर, १२ स्टेशनं, टॉप स्पीड ३००. जानेवारी २००७ मध्ये सुरू झाली. तैपेई ते झुओयिंग फास्ट गाडीने दीड तासाच्या थोडं वर लागतं, म्हणजे मुंबईहून छत्रपती संभाजीनगरएवढं अंतर एक सिनेमा बघून संपायच्या आत. साध्या रेल्वेने याच अंतराला चार-पाच तास जातात. ही गाडी आल्यावर तैपेई-काओश्युंग विमानं रिकामी उडायला लागली आणि २०१२ मध्ये ती सेवा बंदच पडली. एअरपोर्टवर तासभर आधी पोचा, बेल्ट काढा, बूट काढा, हे सगळं करून चाळीस-पन्नास मिनिटं उडण्यापेक्षा गाडीत जाऊन बसणं कोणाला नको वाटेल?

तिकीट. तैपेई-झुओयिंग रिझर्व्ह सीट १,४९० तैवानी डॉलर, आपले चार हजारांच्या थोडे वर. तैपेई-शिंचू २९०, तैपेई-ताइचुंग ७००. स्वस्त नाहीये, पण इथल्या पगाराच्या मानाने महागही नाही, कॉलेजची पोरं, आज्या, छोटे दुकानदार सगळे दिसतात गाडीत, नुसते सूट-टायवाले नाही. आणि लवकर काढलं तर ३५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, बुकिंग २८ दिवस आधी उघडतं आणि त्या ३५ टक्केवाल्या सीटा लगेच उडतात हे लक्षात ठेवा. फोनवरच्या ॲपमध्ये क्यूआर कोड येतो तोच गेटला दाखवायचा. ॲप नको असेल तर सेव्हन-इलेव्हनमध्ये जाऊन पैसे भरून प्रिंट घेता येते. सीनियर सिटिझनला निम्मं तिकीट आहे पण ते तैवानच्या नागरिकांना. आई-बाबा आले होते तेव्हा बाबांना हे कळल्यावर जरा हिरमुसले, मग स्वतःच म्हणाले "जाऊ दे, आपल्याकडेही २०२० पासून बंदच केलंय की."

काही डबे विनाआरक्षणाचे असतात, ज्यात तिकीट थोडं स्वस्त आणि बसायला मिळेल त्याला मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी तिथे लोक उभे असतात. हो, ३०० च्या स्पीडला उभे, आणि काही होत नाही, कॉफीचा कप हातात घेऊन उभे असतात. पण चांद्र नववर्षाच्या सुट्टीत प्रवास करणार असाल तर रिझर्व्हेशनशिवाय फिरकू नका. आपल्या गणपतीच्या कोकण गाड्यांसारखं होतं तेव्हा, फक्त लोक रांगेत असतात.

आतून डबा म्हणजे जपानी शिनकान्सेनच, तीन अधिक दोन सीट, पाय पसरता येतील एवढी जागा, संडास स्वच्छ (हे वेगळं लिहावं लागतं कारण आपण सगळे हेच आधी विचारतो). गाडी १२ डब्यांची, ९८९ सीट. धक्का, हिसका, खडखड काही नाही. खाण्याचे मात्र हाल नाहीत तसे लाडही नाहीत. गाडीत कॉफी, बिस्किटं, सुकामेवा असला प्रकार मिळतो, जेवायचं तर स्टेशनवरून डबा घेऊन चढायचं. शाकाहारी लोकांना तैवान त्या मानाने सोपं आहे, इथे बौद्ध लोकांमुळे शाकाहारी हॉटेलं आणि शाकाहारी डबे मिळतात आणि कडक पाळणाऱ्यांच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. मेट्रोत खायला बंदी आहे, या गाडीत नाही. बाबांनी थेपले काढले तेव्हा मी जरा इकडेतिकडे बघितलं पण शेजारचा माणूस स्वतःच डबा उघडून बसला होता.

एक सूचना, फोन सायलेंटवर ठेवा आणि स्पीकरवर रील लावू नका. हल्ली यावर गाडीत कडक झालेत. आपल्या लोकांना हे लिहिणं भाग आहे, सॉरी.

वेळेचं काय बोलणार, गाडी उशिरा आली तर बातमी होते. भूकंपाचा देश आहे, धक्का जाणवला की सिस्टिम आपोआप गाड्या थांबवते आणि ट्रॅक तपासल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. २०१० मध्ये ताइनानजवळ भूकंपात एक गाडी थोडी रुळावरून सरकली होती, पण सगळे प्रवासी सुखरूप. एप्रिल २०२४ च्या मोठ्या हुआलिएन भूकंपातही गाड्या थांबवल्या, तपासल्या, परत सुरू केल्या.

तर गाडीला साडेचार स्टार. अर्धा कुठे गेला? स्टेशनांमध्ये.

तैपेई सोडलं तर बरीचशी स्टेशनं शहरात नाहीतच. शिंचूचं स्टेशन शिंचू शहरात नसून झुबेईला आहे, जुन्या रेल्वे स्टेशनपासून चांगलं दहा-अकरा किलोमीटर. दिसायला देखणं आहे, क्रिस याओ नावाच्या आर्किटेक्टचं डिझाइन, मोठं वळणदार छप्पर, आणि बाहेर पडलं की शिंचूचा तो प्रसिद्ध वारा तोंडावर. ताइनानचं स्टेशन शहराबाहेर ग्वेइरनला, च्याईचं ताइबाओमध्ये, काओश्युंगचं झुओयिंगला. का? तर जमीन. शहराच्या मध्यातून सरळ रूळ टाकायचा म्हणजे घरं पाडा, बोगदे खणा, कोर्टकचेऱ्या करा. शेतातून खांबांवर नेलं की स्वस्त आणि वळणंही कमी, ३०० च्या स्पीडला वळण फार मोठं लागतं. या लाइनचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उड्डाणपुलावर आहे, त्यातला एक सलग पूल १५७ किलोमीटरचा! खिडकीतून खाली भातशेती, मत्स्यतळी आणि मंदिरांची लाल छपरं दिसत राहतात.

म्हणजे बांधताना पैसे वाचवले, पण ते वाचलेले पैसे नंतर प्रवाशाने भरले, टॅक्सीत, बसमध्ये आणि वेळेत. गाडीने शिंचूत अर्ध्या तासात पोचायचं आणि मग शहरात जायला तेवढाच वेळ घालवायचा. आणि सरकारनेही भरलेच, कारण नंतर ताइनान आणि शिंचूला साध्या रेल्वेचे फाटे काढून या स्टेशनांना जोडावं लागलं, ते सुरू झाले २०११ मध्ये, गाडी सुरू झाल्यावर चार वर्षांनी. चार वर्षं! जे फाटे पहिल्या दिवसापासून हवे होते ते. हायस्पीडच्या प्रोजेक्टचा खर्च म्हणून जो आकडा पेपरात येतो त्यात हे काही धरलेलं नसतं.

शिंचूच्या बाबतीत एक मात्र झालं, झुबेईच्या स्टेशनभोवती आता टॉवरच टॉवर आहेत आणि घरांचे भाव माझ्या आवाक्याबाहेर. पण ते सायन्स पार्कमुळे, चिपच्या पगारांमुळे. च्याईच्या स्टेशनभोवती तसं काही झालं नाही. नुसतं स्टेशन बांधलं म्हणून शहर उगवत नाही, आधी शहराकडे काहीतरी कारण लागतं.

आता पैशाची गोष्ट. ही थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

नव्वदच्या दशकात तैवान सरकारने ठरवलं की ही लाइन बीओटीवर करायची, आपल्याकडे टोलच्या रस्त्यांमुळे पाठ झालेलं 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा'. दोन गट शर्यतीत होते. एका गटाने सरकारकडे पैसे मागितले. दुसरा, ज्यात कॉन्टिनेंटल इंजिनिअरिंग, एव्हरग्रीन, फुबॉन वगैरे मोठी नावं होती, म्हणाला आम्हाला सरकारचा एक पैसा नको. मग काय, १९९७ मध्ये दुसरा गट जिंकला, १९९८ मध्ये करार झाला, ३५ वर्षांचा, बांधकामासकट. त्या काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या बीओटी प्रोजेक्टपैकी हा एक होता, एकूण खर्च साधारण ५०० अब्ज तैवानी डॉलरच्या घरात गेला.

'सरकारचा एक पैसा नको' हे वाक्य कोणत्याही प्रोजेक्टमध्ये ऐकलं की आपण खिसा चाचपावा.

कारण बघा. प्रमोटर कंपन्यांनी स्वतःचे पैसे त्या मानाने थोडे टाकले, बाकी सगळं कर्ज, आणि कर्ज देणाऱ्या बँकांमध्ये सरकारी वजनाच्या बँका पुढे. म्हणजे नाव खाजगी आणि जोखीम शेवटी जनतेचीच. त्यात तंत्रज्ञानाचा घोळ. आधी युरोपियन गाडी घ्यायची ठरली होती, फ्रेंच-जर्मन मिळून. मग १९९८ मध्ये जर्मनीत एशेडेला हायस्पीड गाडीचा भीषण अपघात झाला, सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानमध्ये तो महाभूकंप झाला ज्यात २,४०० च्या आसपास लोक गेले, आणि त्याच वर्षअखेरीस कंपनीने जपानी गाडी निवडली. निर्णय चुकीचा म्हणत नाही, भूकंपाच्या देशात जपानी माणसाचं ऐकावंच. पण तोपर्यंत बरंच डिझाइन युरोपियन हिशेबाने झालेलं, त्यामुळे पूल-बोगदे युरोपियन मापाचे, रुळांचे सांधे बदलायची यंत्रणा जर्मन, गाडी जपानी, आणि सुरुवातीला चालवायला फ्रेंच ड्रायव्हर. सगळं एकमेकांशी जुळवताना वेळ गेला, २००५ ला सुरू व्हायची गाडी २००७ उजाडवून आली, आणि युरोपियन लोक लवादात गेले ते वेगळंच. उशीर म्हणजे काय तर तिकीट शून्य आणि व्याज चालू.

मग प्रवासी. अंदाज होता सुरुवातीलाच रोज १,८०,००० लोक. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात रोजचे पन्नास हजारही भरले नाहीत. आणि इथे मला सगळ्यात मोठी गंमत वाटते ती ही, की २०२४ मध्ये या गाडीने वर्षात ७ कोटी ८० लाखांवर प्रवासी नेले, म्हणजे रोजचे दोन लाखांहून जास्त. म्हणजे अंदाज अगदीच थाप नव्हता, लोक आले, पण रोजचे १,८०,००० व्हायला २०१९ उजाडलं, म्हणजे बारा वर्षं उशिरा. बँकेला ते चालत नाही ना. हप्ता २००७ पासूनच द्यायचा होता.

त्यावर अजून एक. करार ३५ वर्षांचा, त्यातली बांधकामाची वर्षं वजा केली तर कमाईला उरली २६. त्यामुळे एवढे पूल-बोगदे, जे शंभर वर्षं टिकावेत, त्यांचा सगळा घसारा (म्हणजे बांधकामाची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरणं) २६ वर्षांत बसवायचा. आजोबांनी नातवापर्यंत पुरेल असा वाडा बांधायचा आणि त्याची पूर्ण किंमत स्वतःच्या निवृत्तीआधी पगारातून वळती करायची, असला तो हिशेब. गाड्या भरून धावल्या तरी कागदावर तोटाच. २००९ मध्ये कंपनी गळ्यापर्यंत आली, सरकारने सूत्रं हातात घेतली, घसाऱ्याची पद्धत बदलली, २०१० मध्ये ३८२ अब्जांचं नवं कमी व्याजाचं कर्ज काढून जुनं फेडलं. तरी २०१४-१५ मध्ये परत दिवाळखोरीच्या दारात, कारण सुरुवातीला काढलेल्या प्रेफरन्स शेअरवाल्यांना (ज्यांचा पैशांवर साध्या शेअरवाल्यांच्या आधी हक्क असतो) पैसे परत हवे होते. सरकारची पहिली योजना संसदेत अडकली आणि वाहतूक मंत्री ये क्वांग-शिर यांनी राजीनामा दिला. अखेर २०१५ मध्ये तोडगा निघाला, जुनं भांडवल ६० टक्क्यांनी कापलं, ३० अब्ज नवे ओतले, सरकारी हिस्सा साठ टक्क्यांवर गेला, आणि कराराची मुदत ३५ ची ७० वर्षं केली, आता २०६८ पर्यंत. मुदत वाढली आणि गाडी तीच, रूळ तेच, प्रवासी तेच असूनही कंपनी पुढच्याच वर्षी शेअर बाजारात लिस्ट झाली.

बाबा आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये होते, त्यांना हे सगळं गाडीत बसूनच सांगितलं. ताइचुंग येईपर्यंत गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "अरे म्हणजे गाडी बुडाली नव्हतीच, करार बुडाला होता." मी एवढं रामायण सांगितलं आणि त्यांनी एका ओळीत संपवलं, पण बरोबर होतं.

म्हणून हिशेबाला अडीच. तेही शेवटी निस्तरलं म्हणून, नाहीतर दीड.

आता आपल्याकडे. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर, त्यातले १५६ महाराष्ट्रात, १२ स्टेशनं, भूमिपूजन सप्टेंबर २०१७ ला झालं आणि तेव्हा खर्च सांगितला होता १ लाख ८ हजार कोटी, त्यातले ८१ टक्के जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. इथे आपण तैवानपेक्षा शहाणे ठरलो असं माझं मत आहे. कंपनी सरकारी, खाजगी करार नाही, २६ वर्षांत सगळं वसूल करा असली घाई नाही. 'गाडी कर्जात बुडणार' म्हणणाऱ्यांनी ही मुदत आणि हे व्याज बघावं. पण कर्ज येनमध्ये आहे, पन्नास वर्षांत रुपया-येन कुठे असेल ते कोणी लिहून देऊ शकत नाही. आणि मूळ वेळापत्रक २०२२-२३ चं होतं, ते केव्हाच गेलं, महाराष्ट्रात तर जमीन संपादनातच वर्षं गेली, विक्रोळीच्या जागेचा निकाल हायकोर्टाकडून लागेपर्यंत २०२३ उजाडलं. उशीर झाला की खर्च वाढतो, तैवानमध्ये वाढला, आपल्याकडेही वाढतोच आहे.

माझी खरी काळजी स्टेशनांची आहे. बीकेसी ठीक, जमिनीखाली आहे, तिथून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, महागडं काम पण शहरात आत घुसायचं तर पर्याय नाही. पण ठाण्याचं स्टेशन कुठे आहे? म्हातार्डीला, दिव्याच्या बाजूला. घोडबंदरच्या माणसाने तिथे कसं जायचं? सुरतचं स्टेशनसुद्धा शहराबाहेर अंत्रोलीला. हे अगदी शिंचू-ताइनानचं पुनःप्रक्षेपण आहे. गाडी सुरू होईल त्या दिवशी म्हातार्डीला मेट्रो, लोकल, निदान धड बस असेल का, हा प्रश्न नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना आजपासून विचारायला हवा, कारण तो खर्च कुठल्याच बुलेट ट्रेनच्या बजेटमध्ये नसतो.

दुसरी काळजी, गाड्यांची. तैवानला २०१९ नंतर नव्या गाड्या हव्या होत्या. सिग्नल, देखभाल, सगळं जपानी पद्धतीचं, त्यामुळे विकणारे जवळपास ठरलेले. त्यांनी एका गाडीला सुमारे ५ अब्ज तैवानी डॉलर सांगितले, आधीच्या खरेदीत तीच साधारण १.६ अब्जांना पडली होती! तैवानने टेंडर रद्द केलं, परत काढलं, ओढाताण झाली, आणि २०२३ मध्ये १२ गाड्यांचा करार १२४ अब्ज येनला झाला, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या ५ अब्जांच्या भावाच्या निम्म्याहूनही खाली घासाघीस करून. नाही म्हणायची ताकद ठेवली म्हणून हे जमलं, पण त्यात नव्या गाड्या काही वर्षं लांबल्या आणि शुक्रवारी लोक उभे राहिले ते त्यामुळेच. आपल्याकडे बीईएमएल या सरकारी कंपनीला २०२४ मध्ये २८० च्या स्पीडच्या दोन गाड्यांची ऑर्डर दिली, डब्याला साधारण २८ कोटी. काही लोक हसले की ३२० च्या रुळावर २८० ची गाडी. मला तो पैसा वाजवी वाटतो. गाडी अगदी जपानच्या तोडीची झाली नाही तरी चालेल, समोरच्याने भाव सांगितल्यावर आपल्याकडे दुसरं काहीतरी आहे हे त्याला माहीत असणं पुरतं.

तैवानला येणार असाल तर शेवटचं कामाचं. गाडीचा नंबर बघून तिकीट काढा. १ ने सुरू होणारे तीन आकडी नंबर फास्ट, तैपेई-बान्च्याओ-ताइचुंग करून थेट झुओयिंग. ८ ने सुरू होणाऱ्या सगळीकडे थांबतात, दोन तासांहून जास्त घेतात, आणि तिकीट मात्र तेवढंच. ताइनानला उतरलात तर टॅक्सीच्या रांगेत जाऊ नका, स्टेशनला लागूनच शालुनहून साधी लोकल शहरात जाते. आणि पासपोर्ट जवळ ठेवा, परदेशी माणसाला बुकिंगला त्याचाच नंबर लागतो.